छापचित्रं घ्या, फक्त पाहू नका

समजा, तुम्ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनला राहता, खिशात चार गिनी (एकवीस शिलिंगांचं एक, अशी सोन्याची नाणी) खुळखुळताहेत आणि चारचौघांत दर्दी म्हणून मिरवायचंय. मग सरळ छापचित्रांचा, म्हणजे कोरलेल्या तांब्याच्या प्लेटवरून कागदावर छापलेल्या चित्रांचा, लिलाव गाठा. कॉव्हेंट गार्डनात लिलाववाले लँगफर्ड आहेत, आणि 1766 पासून पॅलमॉलला ख्रिस्टीही हातोडा घेऊन उभे आहेत.

चित्र हातात आलं की आधी उलटं करा. मागे एखाद्या बड्या संग्राहकाची खूण असेल तर भुवया उंचवा. मग सुलटं करून खाली शीर्षक आणि नावं कोरलीत का बघा. कोरली असतील तर नाक मुरडा, कारण भाव असतो तो मजकूर कोरायच्या आधी काढलेल्या ठशाला. कागदावर जितकं कमी, तितके पैसे जास्त. मधल्या चित्राकडे बघायची गरज नाही, तसं कुणी बघतही नाही.

चेहरे जमवायचे असतील तर घाई करा. 1769 मध्ये पाद्री ग्रेंजर यांनी इंग्रज व्यक्तिचित्रांची जंत्री छापली आणि जो तो त्या याद्या भरायला धावला. लेखक आणि संग्राहक हॉरेस वॉलपोल 1770 च्या पत्रात कुरकुरतात, की पूर्वी मेझोटिंटला (मऊ छटांच्या छापचित्राला) मी शिलिंग-दोन शिलिंगांवर दिलं नाही, आता बहुतेकांना अर्धी ते एक गिनी पडते. तीन पेन्सही किंमत नसलेल्या पुस्तकातला दुर्मिळ चेहरा पाच गिनींना जातो म्हणे. तेव्हा घरातली कात्री काढा. पुस्तकाचं काय, ते वाचायला थोडंच घेतलं होतं?

पुढचा माणूस हट्टाने बोली चढवतोय? तो विकणाऱ्याचाच असू शकतो. 1776 मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी अशी भाडोत्री बोली म्हणजे फसवणूक ठरवली, तीही ख्रिस्टींवरच्याच खटल्यात. वाद घोड्याचा होता, म्हणून छापचित्रवाल्यांनी फार मनाला लावून घेऊ नये.

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट मात्र संग्रहात हवाच. कॅप्टन बेली यांच्यासारखी हिंमत असेल तर उत्तमच. त्यांनी रेम्ब्रांटच्या ‘शंभर गिल्डर’ या गाजलेल्या छापचित्राची झिजलेली मूळ तांब्याची प्लेटच मिळवली, 1775 मध्ये ती नव्याने कोरली, ठसे काढले आणि मग तिचे तुकडे करून तुकड्यांचेही ठसे काढले.

तेवढी ऐपत नसेल तर चित्रकार हडसन यांचं उदाहरण घ्या. हे नामवंत चित्रकार रेनॉल्ड्स यांचे गुरू आणि रेम्ब्रांटचे पट्टीचे जाणकार. चित्रकार बेंजामिन विल्सन यांनी रेम्ब्रांटच्या ढंगात एक एचिंग (प्लेटवर आम्लाने रेषा कोरून काढलेलं छापचित्र) केलं, ते हडसन यांनी अस्सल समजून घेतलं. मग विल्सन यांनी त्यांना जेवायला बोलावलं. टेबलावर गार झालेल्या गोमांसाचा मोठा तुकडा, आणि त्याच्यावर सजावटीला त्याच छापाच्या प्रती टोचलेल्या.

तुमच्यावर अशी वेळ आली तर रागावून उठू नका. एक प्रत हळूच खिशात घाला. डाग पुसू नका. पुढच्या लिलावाच्या कॅटलॉगात लिहिता येईल: हडसन यांच्या जेवणातील, दुर्मिळ.