भूतान गप्प का, हे विचारण्याआधी

भूतान आणि चीनमध्ये वाद असलेल्या डोकलाम पठाराजवळ चीनने वसवलेल्या पांगडा गावाचे उपग्रहाने टिपलेले फोटो दर काही महिन्यांनी कुणीतरी शेअर करतं आणि खाली कमेंट्स सुरू होतात. ‘भूतान चीनला विकला गेला.’ ‘एवढं केलं त्यांच्यासाठी, काय उपयोग झाला?’ काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही तेच. फार लागलं मनाला, म्हणून लिहितेय.

फोटो खरे आहेत. आमो छू नदीच्या काठाने एकसारख्या घरांच्या रांगा, जवळपास प्रत्येक दारात एक गाडी. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चिनी सरकारी वाहिनीच्या पत्रकारानेच या गावाचे फोटो ट्विट केले आणि मग काढून टाकले. दिल्लीतल्या भूतानच्या राजदूतांनी सांगितलं, भूतानमध्ये चिनी गाव नाही. २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान लोटे त्शेरिंगही साधारण तेच म्हणाले. त्या घरांत सैनिक किती आणि गावकरी किती, हे आकाशातून कळत नाही. पण वादातल्या डोंगरात आधी रस्ता येतो, मग वस्ती, आणि वस्तीच्या रक्षणाच्या नावाने फौज. माझ्या मते ते गाव म्हणजे चौकीच आहे.

मग थिंफू, म्हणजे भूतानचं सरकार, बोलत का नाही? आठ लाखांच्या आसपास वस्तीचा देश, चीनशी राजनैतिक संबंध नाहीत, १९८४ पासून सीमेची बोलणी चालू. चीनचा देकार १९९० च्या दशकापासूनचा आहे: उत्तरेतला जकारलुंग-पासमलुंगचा ४९५ चौरस किलोमीटर भाग तुम्हाला, पश्चिमेचा डोकलामसह २६९ आम्हाला. नुसता हिशेब केला तर भूतानचा फायदाच. तरी त्यांनी हा सौदा अजून केलेला नाही, कारण डोकलामच्या दक्षिणेचा झांपेरी कडा चीनच्या हाती गेला तर धोका ईशान्य भारताला जोडणाऱ्या आपल्या सिलीगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याला आहे. आपल्यासाठी ते स्वतःची खोरी अधांतरी ठेवून बसलेत हो!

२००३ च्या डिसेंबरात भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे तळ उठवायला भूतानची छोटीशी फौज जंगलात उतरली, तेव्हा राजे स्वतः मोहिमेवर होते. आणि आपण? २०१३ मध्ये त्यांचं मतदान दोन आठवड्यांवर असताना गॅस आणि रॉकेलवरची सबसिडी काढून घेतली. नंतर परत दिली, पण ऐन निवडणुकीत चूल महाग झालेलं कुठलं घर विसरेल?

२०१९ मध्ये आम्ही पारोहून चेलेला खिंड ओलांडून ‘हा’ खोऱ्यात गेलो होतो. तिथे आपल्या लष्कराचं प्रशिक्षण पथक आहे. आमचं मराठी ऐकून एक जवान थांबला, साताऱ्याकडचा निघाला. किती बोलू आणि किती नको असं त्याला झालं होतं. पुढे आमच्यातल्या एका काकांनी गाइडला विचारलं, “काय रे बाबा, चीन आत आलाय का?” तो पंचविशीतला मुलगा. व्हिडिओ काढणाऱ्या काकूंना त्याने आधी हात जोडून मोबाइल खाली ठेवायला लावला. मग हळू आवाजात एवढंच सांगितलं, की आजोबा ज्या कुरणात याक न्यायचे तिथे आता घरातलं कुणी जात नाही. आणि गाडीकडे चालू लागला.