एरर आली की कॅशे उडवा? जरा थांबा

परत तोच मेसेज आला, यावेळी एकाच दिवशी दोन ग्रुपमध्ये. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन टूल वापरताना 'समथिंग वेंट राँग' आलं की दोष तुमच्याच ब्राउझरचा असतो, म्हणून कॅशे-कुकीज उडवा, इनकॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी विंडोत) चालवून बघा, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला, सबमिट दाबत राहा, तरी नाही झालं तर ब्राउझर काढून परत टाका. खाली 'सर्वांना पाठवा' आहेच. म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

"दोष तुमच्याच ब्राउझरचा." नाही हो. सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराबरोबर तीन आकडी कोड येतो. ४०० च्या घरातला असेल तर सर्व्हर म्हणतोय तुझ्या रिक्वेस्टमध्ये काहीतरी चुकलंय, ५०० च्या घरातला असेल तर तो स्वतःच कबूल करतोय की घोळ माझ्याकडे आहे. ५०० म्हणजे आत काहीतरी फुटलं, ५०३ म्हणजे सेवा सध्या बंद किंवा लोड फार, ५०२ आणि ५०४ ला दारातला सर्व्हर ठीक असतो पण मागच्याने धड उत्तर दिलं नाही किंवा वेळेत दिलं नाही. यातलं काहीही असलं तर तुम्ही तुमच्या ब्राउझरची कितीही झाडलोट करा, शष्प फरक पडत नाही. ८ जून २०२१ ला फास्टली नावाच्या, मोठमोठ्या साइट्सची पानं लोकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या एका ग्राहकाने आपली एक सेटिंग बदलली, अगदी नियमात बसणारी, पण त्याने सॉफ्टवेअरमधला लपलेला बग जागा झाला आणि त्यांच्या नेटवर्कचा ८५ टक्के भाग एरर द्यायला लागला. गार्डियन, न्यूयॉर्क टाइम्स, रेडिट सगळे आडवे. त्या दिवशी किती जणांनी बिचाऱ्या कुकीज उडवल्या असतील देव जाणे.

स्क्रीनवर कोड दिसत नसेल तर कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि मग पेज रीलोड करा. टॅब आधी उघडायचा, एरर येऊन गेल्यावर उघडला तर रिकामाच दिसतो. लाल ओळीतला आकडा बघा, बस.

"कॅशे-कुकीज उडवा." माझा सगळ्यात जास्त राग याच्यावर. पहिलं म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कॅशे म्हणजे साठवून ठेवलेली चित्रं नि स्क्रिप्ट, ती गेली तर परत डाउनलोड होतात, आणि कुकीज म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायला ठेवलेल्या छोट्या नोंदी, लॉगिन त्यांच्यावरच टिकतं. पण ब्राउझरमध्ये 'कुकीज आणि साइट डेटा' असा जो एकत्र पर्याय असतो ना, त्यात सगळीकडचं लॉगिन तर जातंच, शिवाय लोकल स्टोरेजही, म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये साठवलेला डेटाही जातो, आणि बरीच टूल्स तुमचा अर्धवट ड्राफ्ट तिथेच ठेवतात. मी स्वतः एका फॉर्म बनवायच्या टूलमध्ये चाळीसेक प्रश्न टाइप केले होते, सेव्ह होईना, असाच कुणाचा तरी सल्ला ऐकून सगळं साफ केलं, तासाभराने त्यांचा सर्व्हर आपोआप सुरू झाला आणि माझा ड्राफ्ट मात्र मीच माझ्या हाताने घालवलेला. सर्व्हरचा दोष होता, किंमत मी मोजली.

म्हणजे हा उपाय कधीच चालत नाही असं नाही. 'रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज' असा ४०० आला, किंवा पेज स्वतःभोवतीच फिरतंय आणि ब्राउझर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणतोय, तर कुकीजच संशयित. टूल नुकतं अपडेट झालंय आणि पांढरं पेज येतंय तर बऱ्याचदा जुनी स्क्रिप्ट अडकलेली असते, तिथे कंट्रोल शिफ्ट आर पुरतं. आणि उडवायच्याच असतील तर फक्त त्या एका साइटच्या उडवा, तेही टाइप केलेलं आधी नोटपॅडमध्ये कॉपी करून.

"इनकॉग्निटोत चाललं म्हणजे कॅशेच खराब." इथे चाचणी बरोबर आहे, निष्कर्ष चूक. इनकॉग्निटोत कॅशे नवीन, कुकीज नवीन, आणि एक्स्टेन्शन्सही (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा टूल्स) सहसा बंद. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, मग गुन्हेगार कोण हे कसं कळणार? माझ्या अनुभवात निम्म्या वेळा अ‍ॅडब्लॉकर निघतो. एफ१२ च्या कन्सोलमध्ये 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' दिसलं तर शोध तिथेच संपला.

डीएनएस? साइटचा पत्ताच सापडत नाही तेव्हा बदला. एरर पेज त्या साइटचंच आहे म्हणजे पत्ता सापडलाय की.

"सबमिट दाबत राहा." हे तर धोकादायक आहे. ५०४ चा अर्थ काम झालं नाही असा नाही, उत्तर वेळेत आलं नाही एवढाच. मागे तुमची ऑर्डर नोंदली गेलेली असू शकते आणि तुम्ही पाच वेळा दाबलं तर कदाचित पाच नोंदी. आधी हिस्टरी बघा, मेल बघा. आणि ४२९ आला असेल तर तो सरळ सांगतोय की फार वेळा विचारतोयस, थांब. तिथे दाबत राहणं म्हणजे आगीत तेल.

ब्राउझर रीइन्स्टॉलचं काय बोलायचं, बहुतेक वेळा जुनं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज नि साठवलेला डेटा, तसंच राहतं, आणि सिंक चालू असेल तर तेच एक्स्टेन्शन परत हजर.

गंमत म्हणजे घड्याळाचा उल्लेख या मेसेजमध्ये कुठेच नाही. मशीनची तारीख चुकली तर सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) एरर येते, आणि ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे कोड साधारण दर ३० सेकंदांनी बदलतात त्यामुळे वेळ सरकली की बरोबर कोडही चूक ठरतो. हे खरोखर आपल्या बाजूचं, आणि हेच कुणी तपासत नाही.

सपोर्टला लिहिताना 'चालत नाहीये' एवढंच नका लिहू. नेमकी वेळ, पेजचा पत्ता, कोड, आणि एररखाली लांबलचक रिक्वेस्ट आयडी असेल तर तो, त्यावरूनच त्यांना लॉगमध्ये तुमची ओळ सापडते. एरर मोघम असते ती मुद्दाम, आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून, त्यामुळे तो आयडी सोन्याचा. हार फाइल, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधल्या सगळ्या देवाणघेवाणीची नोंद, मागितली तर मात्र जपून, तिच्यात तुमचे सेशन टोकन, म्हणजे पासवर्डशिवाय तुमच्या नावाने आत जाऊ देणाऱ्या किल्ल्या, असू शकतात. २०२३ मध्ये कंपन्यांना लॉगिनची सेवा देणाऱ्या ओक्टाच्या सपोर्ट सिस्टिममध्ये घुसलेल्यांनी ग्राहकांनी दिलेल्या अशाच फाइल्समधले टोकन वापरले होते. कुकी आणि ऑथरायझेशनच्या ओळी काढून मगच पाठवा, आणि पाठवल्यावर त्या टूलमधून एकदा लॉगआउट करा, म्हणजे चुकून राहिलेला टोकनही बहुतेक वेळा निकामी होतो.