सिगारेट सोडली की माणूस कायमचा चिडका होतो म्हणे!

मामाने सिगारेट सोडून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात मामीनेच त्याला एक फॉरवर्ड पाठवला: 'धूम्रपान एकदम सोडण्याचे धोके'. आता तो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय, म्हणून हे लिहितेय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: निकोटीन हे मेंदूचं नैसर्गिक ताणशामक आहे, ते बंद झालं की रक्तदाब वाढतो, माणूस कायमचा चिडका आणि उदास होतो, म्हणून घरात शांतता हवी असेल तर रोज दोन-तीन ओढू द्याव्यात.

रक्तदाबाचं आधी उरकते. निकोटीन हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आकसवतं. ते थांबल्याने रक्तदाब चढेल, हे कुठलं गणित?

'नैसर्गिक ताणशामक' म्हणाल, तर निकोटीन नैसर्गिक आहेच. तंबाखूचं झाड ते किडींपासून वाचायला तयार करतं. झुरका मारल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं, तिथे डोपामाइन सुटतं, बरं वाटतं. इथवर मान्य. पण रोजच्या माऱ्याने मेंदूची घडी बदलते, निकोटीन पकडणाऱ्या जागाच वाढतात. रक्तातलं निकोटीन मात्र साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग जीव कासावीस, कामात लक्ष नाही, बारीकसारीक गोष्टींवरून खेकसणं. पुढची पेटवली की हे शमतं आणि ओढणारा म्हणतो, बघ, टेन्शन गेलं. अरे, ते टेन्शन आणलं कुणी? सावकाराने खिसा कापायचा आणि वर चहापुरते पैसे देऊन उपकार मिरवायचे, त्यातलाच हा प्रकार. सकाळची पहिली सिगारेट सगळ्यांत भारी लागते ती यामुळेच, रात्रभर मेंदू उपाशी असतो.

चिडचिडीत अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. सोडल्यावर पहिल्या दिवसापासूनच माणूस वैतागतो, पहिला आठवडा सगळ्यांत वाईट, झोप बिघडते, रडूही येतं. पण बहुतेकांचं हे दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. 'कायमचा' हा शब्द मेसेजवाल्याने पदरचा घातलाय. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सोडण्याआधी आणि सोडल्यावर निदान सहा आठवड्यांनी लोकांची मनःस्थिती मोजली, आणि ओढत राहिलेल्यांशी ताडून पाहिली. सोडणाऱ्यांची चिंता, उदासी, ताण तिन्ही कमी झालेले होते, आणि फरक नैराश्यावरच्या गोळ्यांनी पडतो तेवढा तरी होता. ज्यांना बरं वाटलं तेच सोडून टिकले असतील, अशी शंका घेता येते. घ्या. पण सोडल्याने मन बिघडतं, हे त्यातून कसंही पिळलं तरी निघत नाही.

आता 'दोन-तीन ओढू द्या'. संताप येतो तो इथे. घरच्यांनीच सोडणाऱ्याला पुन्हा टपरीवर धाडायचं, तेही घरातल्या शांततेसाठी! रोज दोन-तीन म्हणजे मेंदूची ती वाढलेली भूक कधी मोडूच द्यायची नाही. पुढची कधी मिळेल याकडे दिवसभर डोळे, म्हणजे चिडचिडीचा पहिला आठवडा वर्षभर पुरवायचा. आणि थोड्याने काय होतं, असंही नाही. दिवसाला वीस ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा!

मामी, तू त्याला शांत करायला चहावर चहा देतेस, तो मात्र आवर. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा रक्तात जास्त वेळ टिकतो, मग धडधड आणि जागरण, आणि बोल लागतो सिगारेट सोडण्याला.

खरी सावधगिरी ज्यात हवी ती गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं चालू असलेल्या माणसाने धूम्रपान थांबवलं की त्याच कारणाने औषधाची रक्तातली पातळी चढते आणि डोस कमी करावा लागू शकतो. त्यांनी आणि पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगून सोडावी. त्या आढाव्यात मानसिक आजार असलेल्यांनाही सोडल्यावर तितकंच बरं वाटलेलं दिसलं. तलफ आवरत नसेल तर निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या आहेत, आणि सरकारी मोफत क्रमांक आहे: १८०० ११ २३५६.