दिवसाआड गोळी: उतारा जास्त, पेरा अर्धा

“मावशी, हे वाच आणि काय ते सांग,” म्हणून भाचीने परवा एक व्हॉट्सॲप निरोप पाठवला. तिला सातवा महिना लागलाय, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ९.८, म्हणजे कमीच. निरोपाचा मथळा ‘लोहाची रोजची गोळी बंद करा!’ आणि खाली चार दावे. रोज गोळी घेतली की शरीर दार लावून घेतं, म्हणून ती वाया जाते. दिवसाआड घेतली की दुप्पट लोह मिळतं. शाळेत आठवड्याला एकच गोळी देतात, म्हणजे सरकारलाही हे ठाऊक आहे. तेव्हा गरोदर बायकांनीही दिवसाआडच घ्यावी.

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून असले निरोप मी रोज वाचते. बहुतेक निव्वळ थापा असतात. हा तसा नाही, आणि म्हणूनच जास्त त्रासदायक आहे.

दाराची गोष्ट खरी आहे. आपलं यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह एकदम पोटात गेलं की हेप्सिडिन चढतं, आतड्याच्या पेशींतून रक्तात लोह जायची वाट आखडते आणि साधारण २४ तास तशीच राहते. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या लोटलेल्या दारावर येऊन थडकते. पण लोटलेलं दार म्हणजे कुलूप नव्हे. दुसऱ्या दिवशी लोह कमी शिरतं, पण शिरतं.

‘दुप्पट’चं मूळ झुरिकच्या संशोधकांच्या कामात आहे, २०१७ साली ‘लान्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेलं. लोहाचा साठा उतरलेल्या ४० तरुणींपैकी काहींना ६० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस रोज दिली, बाकीच्यांना दिवसाआड २८ दिवस. गोळ्या दोघींकडे १४च. रोजवालीने एकूण सुमारे १३१ मिलिग्रॅम लोह शोषलं, दिवसाआडवालीने १७५. म्हणजे साधारण एक तृतीयांश जास्त. दुप्पट कुठून आलं, ते निरोप लिहिणाऱ्यालाच माहीत.

आता हाच हिशेब कॅलेंडर समोर ठेवून करा. पहिल्या १४ दिवसांत रोजवालीच्या पदरात १३१ पडले. दिवसाआडवालीच्या पोटात तोवर ७च गोळ्या गेल्या, म्हणजे अंदाजे ८८. गोळीमागे उतारा जास्त, पण पेराच अर्धा! एकरी उतारा सांगून कोणी आपलं पोतं मोठं म्हणू लागला, तर गावात आधी विचारतात, “पेरलंस किती?” इथे तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

पुढे २०२३ मध्ये १५० स्त्रियांवरचा आणखी एक अभ्यास आला. १०० मिलिग्रॅम, एका गटाला ९० दिवस रोज, दुसऱ्याला १८० दिवस दिवसाआड. गोळ्यांची संख्या सारखी झाल्यावर फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, दोन्ही गटांत जवळपास सारखंच भरलं. दिवसाआडवालींना पोटाचा त्रास मात्र कमी झाला. ही गोष्ट मी हलकी मानत नाही. मळमळ आणि बद्धकोष्ठाला कंटाळून अख्खं पाकीट फडताळात टाकून देणाऱ्या बायका मला रोज भेटतात. गरोदर नसलेल्या, घाई नसलेल्या, रोजची गोळी न सोसणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारून दिवसाआड घ्यावी, असं मीही सांगते. वेळ दुप्पट लागेल, हेही त्याच दमात सांगते.

शाळेतल्या गोळीचा दाखला तर अगदीच चुकीचा. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना मिळणारी ती निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची, रक्त कमी होऊ नये म्हणून असते. त्याच मुलीचं एचबी कमी निघालं, तर ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या त्याच योजनेत तिला रोजचा उपचार सांगितलाय.

राहिला गरोदरपणाचा दावा, आणि माझा राग त्याच्यावरच आहे. झुरिकच्या त्या तरुणींपैकी एकही गरोदर नव्हती. गरोदरपणात सगळं मिळून साधारण १००० मिलिग्रॅम जास्तीचं लोह लागतं, त्यातलं बरंचसं उत्तरार्धात. त्या काळात शरीर स्वतःच हेप्सिडिन खाली आणतं, म्हणजे ज्या दाराचा निरोपात एवढा गाजावाजा आहे, ते मुळात बरंच उघडं असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लाल गोळी आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, हे सरकारी वेळापत्रक म्हणूनच आहे. त्या गोळीत फॉलिक ॲसिडही असतं; दिवसाआड केलं की तेही अर्धं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. अशा राज्यात, हातात दहा-बारा आठवडे उरलेल्या बाईला अर्धा पेरा कर म्हणायचं?

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. मग सहज विचारलं, “गोळी घेतेस कधी?”

“सकाळी चहाबरोबर. कॅल्शियमची पण तेव्हाच घेते, म्हणजे विसरायला होत नाही.”

घ्या! चहा लोह अडवतो, कॅल्शियमही अडवतं, आणि ही बाई दारापाशी दोन-दोन पहारेकरी बसवून रोज प्रामाणिकपणे गोळी गिळत होती. निरोपात याबद्दल अक्षर नव्हतं. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. शौचाला काळी होते म्हणून घाबरू नकोस, हेही सांगून ठेवलं. एचबी महिन्याने पुन्हा बघायचंय; १ ग्रॅमसुद्धा चढलं नाही, तर डॉक्टरांना पुढचं विचारायचं.