‘मोहल्ल्यानेच निकाल लावा’ : फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नागपूरच्या कॉलनी-ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: ठाण्यात तक्रार घेत नाहीत, कोर्टात पिढ्या जातात, शांतता समिती म्हणजे चहा-समोसा, तेव्हा वस्तीने आपला निकाल आपणच लावावा, कस्तुरबानगरच्या बायांनी वस्तीला छळणाऱ्या गुंड अक्कू यादवचा लावला तसा. शेवटी ‘बुलडोझर हाच खरा न्याय’ अशी एक ओळ. मेसेजमधला राग खोटा नाही, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

‘अक्कू यादव प्रकरणात लोकांनी न्याय केला.’

१३ ऑगस्ट २००४ रोजी जामिनाच्या सुनावणीसाठी आणलेल्या अक्कू यादवला जमावाने जिल्हा न्यायालयातच ठार केलं. त्याआधी कित्येक वर्षं त्या वस्तीने खंडणी, मारहाण, अत्याचार सोसले होते आणि पोलीस त्याच्याच खिशात आहेत, असं लोक उघड म्हणत होते. घरात बसून त्या बायांना शहाणपण शिकवायची माझी तयारी नाही. पण पुढे काय झालं ते मेसेज गाळतो. आरोपीच मेला, त्यामुळे त्याने छळलेल्या एकाही बाईच्या बाजूने निकाल लागला नाही. तक्रारी कोणी दाबल्या, याची कोर्टात उलटतपासणी व्हायला हवी होती, तीही झाली नाही. उलट वस्तीतलीच माणसं खुनाची आरोपी झाली आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटेपर्यंत तारखा करत राहिली. ज्या कोर्टाच्या फेऱ्या टाळायला मेसेज सांगतो, त्याच फेऱ्या दहा वर्षं नशिबी आल्या, त्याही आरोपी म्हणून.

आणि जमाव दर वेळी योग्य माणूसच पकडेल कशावरून? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भटक्या डवरी गोसावी समाजातले होते. ती अफवाही मोबाइलवरूनच पसरली होती, या मेसेजसारखीच.

‘ठाण्यात एफआयआर घेतच नाहीत.’

अनेकदा घेत नाहीत, हे खरं. पण नकार कसा मिळतो ते नीट बघा. अंमलदार ‘जा’ म्हणत नाही. तो एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, पावती हातात देतो. पावती मिळाली की तक्रार झाली असं समजून माणूस घरी येतो. समजा मारामारीत दात तुटला. कायद्यात तुटलेला किंवा निखळलेला दात ही गंभीर दुखापत आहे आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपासायचा, आहे. मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांतल्या कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी पावती एनसीचीच फाडली जाते. एनसीत न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणजे प्रकरण तिथेच थंड.

वस्तीने एकत्र यायचं ते इथे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी चौकशी करायची असेल, तर वरिष्ठांच्या परवानगीने आणि १४ दिवसांत. तरी नकार मिळाला तर तक्रार लेखी पोलीस उपायुक्तांकडे, आणि तिथेही हालचाल नाही झाली तर शपथपत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्याकडे. एकटा माणूस दुसऱ्या पायरीवरच दमतो. दोन प्रती, आवक शिक्का, तारखांची वही आणि सोबत जाणारे चार शेजारी असले की प्रकरण दाबणं जड जातं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. ते कोणी विचारतच नाही!

‘कोर्टात पिढ्या जातात.’

दिवाणी दाव्यात जातात, वाद नाही. पण तुंबलेली नाली आणि कचऱ्याचा ढीग यासाठी दिवाणी दावा लावायचाच कशाला? रतलामच्या एका वॉर्डातल्या रहिवाशांनी उघड्या गटारांसाठी नगरपालिकेला थेट दंडाधिकाऱ्यासमोर खेचलं, सार्वजनिक उपद्रवाच्या कलमाखाली. पालिका ‘पैसे नाहीत’ म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८० मध्ये हरली. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १३३ आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालंय.

‘बुलडोझर हाच खरा न्याय.’

मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या महाल भागात झालेल्या दंगलीनंतर मनपाने एका आरोपीच्या कुटुंबाचं घर पाडलं. पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली आणि मनपा आयुक्तांना माफी मागावी लागली. यात न्याय कुठला? मनपाची नामुष्की तेवढी झाली.

‘शांतता समिती म्हणजे चहा-समोसा.’

हे मला बऱ्याच अंशी मान्य. सणाच्या तोंडावर ठाण्यात तेच पाच-दहा पुढारी येतात, फोटो काढतात, जातात. पण उपाय समिती मोडणं नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांऐवजी त्याच गल्लीतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस, बैठक सण नसतानाही. १९९२-९३ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

‘पोलिसांना जाब विचारणारं कोणी नाही.’

आहे, पण दूर आहे. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ ला कायदा बदलला, पण जिल्ह्याऐवजी विभाग ठरवला. म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाने पोलिसाविरुद्ध दाद मागायला नागपूर गाठायचं. जिल्हा प्राधिकरण हवं असेल तर नगरसेवकाच्या दारात मोर्चा नेऊन उपयोग नाही. हे कलम विधिमंडळाने घातलंय, तेव्हा निवेदन आपापल्या आमदाराला द्या, आणि हिवाळी अधिवेशन तर दरवर्षी आपल्याच सिव्हिल लाइन्सला भरतं.