सेक्रेटरी काकांच्या गाडीचं भूत

सोसायटीच्या ग्रुपवर "मी करतो ना, दोन तासाचं काम आहे" हे टाईप करायला मला कुणी सांगितलं होतं देव जाणे. काम काय तर बेसमेंट पार्किंगचा नकाशा, ब्राउझरमधे, गाड्या माऊसने ओढून हलवायच्या. 140 गाड्या म्हणजे 140 रंगीत चौकोन, हाय काय नाय काय!

मीटिंगमधे सेक्रेटरी काकांनी स्वतःचीच गाडी ओढली आणि ती मागे निळा फराटा सोडत गेली. कारण कॅनव्हासला (ब्राउझरमधला चित्र काढायचा कोरा कागद) काही म्हणजे काही आठवत नाही, एकदा रंग लागला की ते नुसते पिक्सेल. जुनी जागा पुसली तर खालची काकूंची स्कूटीपण पुसली गेली, काकू तिथेच बसल्या होत्या.

मग दरवेळी सगळं पुसून खालचं आधी, वरचं नंतर असं रंगवायला घेतलं (याला पेंटर्स अल्गोरिदमच म्हणतात), तर लॅपटॉपचा फॅन पिठाच्या गिरणीसारखा सुरू. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, हव्यात तर एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात, माझी एक फ्रेम 40 खात होती. म्हणून डर्टी रेक्टँगल. जुनी आणि नवी जागा, तेवढाच तुकडा क्लिप करायचा (म्हणजे रंग त्याच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही) आणि त्याला शिवणाऱ्या सगळ्या गाड्या क्रमाने परत रंगवायच्या, सगळ्या म्हणजे वरच्यासुद्धा, हे "सुद्धा" कळायला मला एक रविवार लागला.

आमचा रंगारी दिवाळीला म्हणाला होता, "साहेब टचअप नको, ठिगळ दिसतं." दिसलंच. 4 पिक्सेलची बॉर्डर 2 आत 2 बाहेर असते, मी पुसली फक्त आतली, त्यामुळे गाडी गेली तरी तिची पोकळ चौकट जागेवर, म्हणजे भूतच. पुसायचा चौकोन 3 पिक्सेल फुगवला, भूत गेलं. माऊस झपकन कोपऱ्यातून कोपऱ्यात नेला की दोन्ही जागांना कवेत घेणारा चौकोन अख्ख्या स्क्रीनएवढा, म्हणजे परत गिरणी!

शेवटी रात्री दीडला, जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं, वेळ मोजला. चौकोनांना 1 मिलिसेकंदसुद्धा लागत नव्हता, बाकी सगळा वेळ मी हौसेने गाड्यांखाली टाकलेल्या ब्लरवाल्या सावल्यांचा. बेसमेंटमधे. जिथे ऊन येत नाही.

सावल्या काढल्या, डर्टी रेक्टँगलच्या 300 ओळी डिलीट केल्या, दरवेळी सगळं परत रंगवतोय आणि लोण्यासारखं चालतंय. सेक्रेटरी काकांनी दोन मिनिटं गाड्या फिरवून बघितल्या आणि म्हणाले, "बरंय, पण आधी जरा उठाव होता रे."