‘फॉइल्स वॉर’ ही इंग्रजांची स्वतःचीच आरती आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘फॉइल्स वॉर’ या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश टीव्ही रहस्यमालिकेच्या ‘ऑल क्लिअर’ या भागावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं मला पटेना. म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे आक्षेप तीन. ‘फॉइल्स वॉर’मधली रहस्यं कच्ची असतात, खुनी कोण ते अर्ध्यातच कळतं. ख्रिस्तोफर फॉइल हा पोलीस अधिकारी फारच धुतल्या तांदळासारखा आहे, असा माणूस खात्यात टिकूच शकत नाही. आणि तिसरा आक्षेप, ज्याला तुम्ही सगळ्यात जास्त जागा दिलीत, तो असा: ही मालिका म्हणजे इंग्रजांनी स्वतःची ओवाळलेली आरती आहे. मालिका घडते त्या, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जमध्ये लोणी नि साखर रेशनवर गेली म्हणून हळहळायचं, आणि त्याच युद्धात बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली त्याचा चकार शब्द नाही. मग मराठी माणसानं ही मालिका कौतुकानं का बघावी?

पुढे काही भागांचे शेवट सांगावे लागणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी भाग बघून यावेत.

पहिल्या आक्षेपावर फार बोलत नाही. मला तर उलट वाटतं की लेखक अँथनी होरोविट्झ एकेका भागात दोन-तीन धागे असे गुंतवतो की कधीकधी गुंता जास्तच होतो. पण तुम्हाला खुनी आधीच कळला असेल तर कळला. ही मालिका मी त्यासाठी बघत नाही, हेही तितकंच खरं.

मुख्य मुद्द्याकडे येते.

२००२ साली आलेला पहिलाच भाग घ्या, ‘द जर्मन वुमन’. मे १९४०. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्या आहेत, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सगळ्यांना आता आपली पाळी असं वाटतंय. गावातल्या एका बड्या न्यायाधीशाची बायको ग्रेटा जर्मन आहे. ती घोड्यावरून रपेट करत असताना दोन झाडांमध्ये ताणून बांधलेल्या तारेनं तिचा जीव घेतला जातो. गावात कुणालाच फारसं वाईट वाटत नाही, जर्मन बाई ती. तपास होतो आणि खुनी सापडतो तो नौदलासाठी सांकेतिक संदेशांचं काम करणारा हुशार, होतकरू, देखणा अधिकारी. तो कबूल करतो, आणि वर शांतपणे सांगतो की तुम्ही मला फासावर दिलंत तर माझं काम थांबेल आणि त्यापायी आपलीच किती माणसं मरतील याचा विचार करा. एका जर्मन बाईपायी?

या ठिकाणी फॉइल झालेल्या मायकेल किचनचा चेहरा बघा. तो आवाज चढवत नाही. ओठांचा एक कोपरा जरा मुडपतो, नजर क्षणभर बाजूला जाते आणि परत त्या माणसावर येते. किचन स्वतःचे संवाद कापून टाकायला सांगायचा असं होरोविट्झनं सांगितलंय, आणि ते अशा जागी कळतं. मग तो जे म्हणतो त्याचा मथितार्थ एवढाच: ती माणूस होती आणि तिचा खून झाला, हे मानणं सोडलं तर आपण कशासाठी लढतोय? आणि तो त्या अधिकाऱ्याला अटक करतो. म्हणजे मालिकेच्या पहिल्याच भागातला खुनी इंग्रज आहे, देशाच्या उपयोगाचा आहे, आणि ज्या बाईला न्याय मिळतो ती शत्रुराष्ट्रातली आहे. आरती अशी ओवाळत नाहीत हो.

त्याच भागात क्रेमर नावाचं एक म्हातारं जर्मन जोडपं आहे. वर्षानुवर्षं इंग्लंडात राहणारं, निरुपद्रवी. त्यांना ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून उचलून छावणीत टाकतात आणि म्हातारी तिथे मरते. ‘ए लेसन इन मर्डर’मध्ये १० जून १९४० ला इटली युद्धात उतरते आणि त्याच रात्री गावातले लोक फॉइलच्या इटालियन मित्राचं, कार्लोचं रेस्टॉरंट पेटवून देतात. कार्लो त्यात जातो. त्याचा मुलगा ब्रिटिश फौजेत असतो! हे जाळणारे कुणी नाझी नव्हेत, हेस्टिंग्जचे शेजारीपाजारी आहेत. प्रत्यक्षातही असंच घडलं होतं. अशा पकडलेल्या इटालियन आणि जर्मन लोकांना कॅनडाला घेऊन निघालेलं ‘अरांडोरा स्टार’ हे जहाज २ जुलै १९४० ला जर्मन पाणबुडीनं बुडवलं, आठशेहून जास्त माणसं गेली.

आणि हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. तोच न्याय ब्रिटिश हिंदुस्थानातही लावला गेला. अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद यांना १९४२ मध्ये ठेवलं हे आपण शाळेत शिकतो. पण १९३९ पासून त्याच नगरमध्ये जर्मन नागरिकांची छावणी होती, पुढे देवळालीला होती, आणि पुरंदरावर नि साताऱ्यातही अशा लोकांना ठेवलं होतं. त्यांत हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून आलेले ज्यू होते आणि त्यांच्या शेजारी पक्के नाझीही होते, कारण कागदावर दोघेही ‘जर्मन’. पुरंदर चढताना क्रेमर म्हातारीची आठवण येते ती उगाच नाही.

तुम्ही म्हणता तसं इंग्रजांना आपल्या त्या काळाचं फार कौतुक आहे हे मान्य. बॉम्ब पडत होते तरी सगळे एकजुटीनं हसत होते, चहा पीत होते, ही त्यांची लाडकी गोष्ट. पण हीच गोष्ट ही मालिका भागामागून भाग सोलून काढते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे १९३९ मध्ये तीन लाखांच्या आसपास होते, १९४५ मध्ये ते पावणेपाच लाखांच्या वर गेले. पेट्रोलची चोरी, रेशनचा काळाबाजार, बॉम्बनं पडलेल्या घरांतली लूट. हे सगळं मालिकेत आहे. ‘द व्हाइट फेदर’मध्ये डंकर्कहून ब्रिटिश फौजा माघार घेत होत्या त्या दिवसांत हॉटेलात बसून हिटलरशी तह करावा म्हणणारे, ज्यूंचा द्वेष पसरवणारे उच्चभ्रू इंग्रज आहेत, आणि त्यांचा म्होरक्या चार्ल्स डान्सनं असा गुळगुळीत उभा केलाय की अंगावर काटा येतो.

आता ‘ऑल क्लिअर’, जिथून आपला वाद सुरू झाला. भाग घडतो मे १९४५ मध्ये, युद्ध संपल्याच्या जल्लोषात. पण खुनाचं मूळ आहे वर्षभर मागे, ‘एक्झरसाइज टायगर’ या सरावात. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या चढाईची रंगीत तालीम इंग्लंडच्या स्लॅप्टन सँड्स या किनाऱ्यावर चालू होती. २८ एप्रिल १९४४ च्या पहाटे जर्मन वेगवान बोटींनी अमेरिकी सैनिक भरलेल्या जहाजांच्या ताफ्यावर हल्ला केला. संरक्षणाला असायला हवी होती ती विनाशिका दुरुस्तीसाठी बंदरात, आणि ताफ्याची नि ब्रिटिश नौदलाची रेडिओची फ्रिक्वेन्सीही जुळत नव्हती. ७४९ माणसं गेली. जे वाचले त्यांना तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली. विजयाचे ध्वज लागलेले असताना ही मालिका तुम्हाला त्या गिळून टाकलेल्या मृत्यूंकडे नेते.

त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी मुंबईत काय झालं ते आठवा. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो, युद्धकाळ म्हणून तो लावलेला नव्हता. दुपारी आग लागली, चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, सरकारी हिशेबानंच मृतांचा आकडा शेकड्यांत, मांडवी-मस्जिद बंदर भागातली घरं नि वखारी जळून खाक. जुने मुंबईकर अजून ‘गोदीतला स्फोट’ म्हणतात. जगाला याची सविस्तर बातमी आधी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. आपल्याकडच्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

मला सांगा, हा फॉइलचाच खटला नाही का? कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरायला ‘चालेल’ कुणी म्हटलं? बावटा न लावण्याचा निर्णय कुणाचा? युद्धाच्या नावाखाली झाकलं काय आणि झाकणाऱ्याला सूट कुणी दिली? हे प्रश्न विचारायची सवय मला या मालिकेनं लावली.

बंगालचंही तेच. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आणि त्याबद्दल मला तुमच्याइतकाच संताप आहे. १९४३ च्या त्या दुष्काळात साधारण तीस लाख माणसं मेली असं मानलं जातं. जपानी येतील म्हणून किनारपट्टीवरच्या नावा आधीच काढून घेतल्या होत्या, धान्यासाठी जहाजं मागितली तर लंडनचं मंत्रिमंडळ हात आखडता घेत होतं, आणि सरकारनं दुष्काळ अधिकृतपणे जाहीरसुद्धा केला नाही. २२ ऑगस्ट १९४३ ला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’नं रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसांची छायाचित्रं छापली तेव्हा कुठे ते झाकणं अवघड झालं. हे फॉइलच्या हेस्टिंग्जमध्ये दिसत नाही. फॉइलच्या हद्दीत ससेक्सचा किनारा येतो, आणि होरोविट्झनं आपली नजर तिथेच रोखली. बंगालचा खटला कुणीतरी याच ताकदीनं पडद्यावर आणायला हवा आणि ते काम आपलं आहे, बंगाल्यांचं आहे, भारतीय लेखक-दिग्दर्शकांचं आहे. एका इंग्रज लेखकानं ते केलं नाही म्हणून त्यानं स्वतःच्या घरात जे खणून काढलं ते खोटं ठरत नाही.

शिवाय हे युद्ध ‘त्यांचं’ होतं असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी सैनिक त्यात होते. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच सुमारास साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांच्या नाकी नऊ आणत होतं. एकाच मुलखातली ही माणसं, दोघांची बाजू खरी. असला पेच ज्या मातीत आहे तिथल्या प्रेक्षकाला फॉइलचे पेच परके का वाटावेत?

राहिला फॉइलचा सरळपणा. सरळ आहेच तो, आणि मला तो तसाच आवडतो. पण तो जिंकत नाही, हे तुमच्या नजरेतून निसटलंय असं वाटतं. पहिल्या भागात तो पोलिसातून बदली मागतो, मिळत नाही. क्रेमर म्हातारीला वाचवू शकत नाही. ‘कॅज्युअल्टीज ऑफ वॉर’च्या शेवटी राजीनामा देतो. खात्यात असा माणूस टिकत नाही म्हणता ना? मालिकाही तेच म्हणते.

आणि ‘फिफ्टी शिप्स’. सप्टेंबर १९४०, अमेरिकेकडून पन्नास जुन्या विनाशिका मिळायच्या आहेत, ब्रिटनला अमेरिकेची मनधरणी करण्यावाचून गत्यंतर नाही. खुनी आहे हॉवर्ड पेज नावाचा अमेरिकी उद्योगपती, मित्राच्या शोधावर गब्बर झालेला, आणि या वाटाघाटींत महत्त्वाचा. फॉइलकडे सगळा उलगडा आहे पण वरून आदेश येतो: हात लावायचा नाही. म्हणजे पहिल्या भागात जो युक्तिवाद फॉइलनं धुडकावला तोच इथे त्याच्या डोक्यावर बसतो. पेज निघून जातो. जाताना फॉइल त्याला एवढंच ऐकवतो की युद्ध कधीतरी संपेल, तेव्हा मी येईन. हा भाग २००३ चा. २०१० मधल्या ‘द हाइड’च्या शेवटी तो अमेरिकेला जायला निघतो, अर्धवट राहिलेलं काम उरकायला, आणि २०१३ च्या ‘दि इटर्निटी रिंग’मध्ये परत येतो तेव्हा ते काम झालेलं असतं. एका खुनाचा पाठपुरावा दहा वर्षं धरून ठेवणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. या धाग्यासाठी तरी ‘फिफ्टी शिप्स’ पुन्हा बघा अशी विनंती आहे. तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नव्हता.

पुढचा लेख ‘किलिंग टाइम’वर आहे. अमेरिकी फौजेतल्या काळ्या सैनिकांना गावात वेगळं काढायचं, त्यासाठी गावाच्या कारभाऱ्यांनी मान डोलवायची, आणि खुनाचा आळ अशाच एका काळ्या सैनिकावर. साम्राज्य आणि वर्ण हा तुमचा मुद्दा तिथे सगळ्यात धारदार लागू होईल असं मला वाटतं, आणि तिथे मालिका कमी पडते असं तुम्हाला दिसलं तर प्रसंगासकट लिहा. मी तो प्रसंग पुन्हा बघून मगच उत्तर देईन.